कुऱ्हाडीचे स्थलांतर

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. जे. एस. वर्मा व न्या. बी. एन. किरपाल यांनी टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद यांच्या याचिकेवर जो अंतरिम आदेश दिला, त्याने या देशातील वनव्यवहाराची घडीच बदलली. ‘वन’ या शब्दाचा कोशातील अर्थ ग्राह्य धरून, जमिनीची मालकी कोणाचीही असो, केंद्राने मंजूर केलेल्या कार्ययोजनेशिवाय वृक्षतोड करता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. ईशान्येतील सात राज्यांमधून लाकूड रेल्वेने, रस्त्याने वा जलमार्गाने बाहेर नेण्यास बंदी झाली. अरुणाचल प्रदेशातील तिराप व चांगलांग जिल्ह्यांतील आरागिरण्या व प्लायवूडचे कारखाने आणि त्या राज्याच्या सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आत असलेले आसाममधील कारखाने थांबले. त्यानंतर पावणेदोन वर्षांनी, १९९८च्या उन्हाळ्यात, यांगत्से नदीला महापूर आला. तीन हजारांहून अधिक माणसे दगावली. नदीच्या वरच्या खोऱ्यातील बेसुमार तोडीमुळे पुराची तीव्रता वाढली, असा निष्कर्ष बीजिंगमधील राज्यकर्त्यांनी काढला. १ सप्टेंबर १९९८ पासून सिच्वान प्रांतात नैसर्गिक जंगलातील तोड बंद झाली आणि पाठोपाठ राष्ट्रीय पातळीवरील नैसर्गिक वनसंरक्षण कार्यक्रम आला.

भारतात हा निर्णय न्यायासनाने घेतला, चीनमध्ये पक्षाच्या व शासनाच्या सर्वोच्च नेतृत्वाने. दोन्ही निर्णयांचे त्या वेळी स्वागत झाले आणि ते योग्यही होते. तथापि या दोन महाकाय देशांना दारे, चौकटी, पलंग, कपाटे आणि प्लायवूड यांची गरज आदेशाच्या दिवशी संपली नव्हती. उलट दोन्ही अर्थव्यवस्था त्याच सुमारास वेगाने वाढू लागल्या होत्या आणि शहरे फुगू लागली होती. लाकूड कोठून तरी येणारच होते. ते जहाजांतून आले. गेल्या पाव शतकात दोन्ही देशांनी परक्या मुलखातील ओंडक्यांचे काय केले, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर भारतीय धोरणातील एक मोठी पोकळी उघडी पडते.

प्रथम चीन. तोडबंदी करताना बीजिंगने दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. २००० ते २०१० या काळासाठी या कार्यक्रमावर सुमारे ९,६०० कोटी युआन खर्चाची तरतूद झाली. तिच्यातून काम गमावलेल्या लाखो वनकामगारांचे पुनर्वसन आणि नव्या लागवडी यांना पैसा मिळाला. दुसरे म्हणजे १९९९ पासून ओंडक्यांवरील आयात शुल्क शून्यावर आणण्यात आले. परिणाम झपाट्याने दिसला. १९९८ साली चीनची सर्व प्रकारच्या ओंडक्यांची आयात सुमारे ४८ लाख घनमीटर होती. २००० साली ती १ कोटी ३६ लाखांवर गेली आणि २००७ मध्ये ३ कोटी ७० लाखांवर. यात मोठा वाटा रशियातून येणाऱ्या पाइन, लार्च यांसारख्या सूचिपर्णी, म्हणजे नरम लाकडाचा होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण कठीण लाकडाचा प्रवाहही त्यासोबत फुगला. गॅबनचा ओकुमे, पापुआ न्यू गिनी व सॉलोमन बेटांवरचे वर्षावनातील वृक्ष, रशियाच्या अतिपूर्वेकडील ओक व अॅश आणि म्यानमारच्या काचिन प्रांतातून डोंगरवाटांनी युनानमध्ये उतरणारा साग, या सर्वांचा ओघ चीनच्या दिशेने वळला. सॉलोमन बेटांसारख्या चिमुकल्या देशाची निर्यात मुख्यतः ओंडक्यांची, आणि त्यांचा ग्राहक जवळजवळ एकच.

चीनने हे ओंडके केवळ वापरले नाहीत. त्यांतील बराच भाग फर्निचर, फरशी आणि प्लायवूडच्या रूपाने पुन्हा बाहेर विकला. या शतकाच्या पहिल्या दशकातच तो जगातील सर्वात मोठा फर्निचर निर्यातदार झाला. अमेरिकेतील मध्यमवर्गीयाच्या बैठकीतील ओकची फरशी रशियात तोडलेल्या आणि चीनमध्ये घासून-पुसून तयार झालेल्या लाकडाची असे. कच्चा माल परक्याचा, मजुरी स्वतःची आणि नफाही स्वतःचा.

भारताची कथा निराळी आहे. येथे १९८८च्या राष्ट्रीय वननीतीनेच उद्योगांना सांगितले होते की, सरकारी जंगलातील स्वस्त लाकडाची आशा सोडा आणि आपला कच्चा माल स्वतः, शेतकऱ्यांच्या साह्याने, वाढवा. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ पासून सरकारी इमारतींत लाकूड वापरणेच बंद केले. ती बंदी उठायला २०२० उजाडले. १९९६च्या आदेशाने ईशान्येचा पुरवठा आटला. मार्घेरिटा, लेडो, तिनसुकिया या पट्ट्यातील प्लायवूड कारखान्यांतल्या कामगारांना चीनमधील वनकामगारांसारखे कोणतेही पॅकेज मिळाले नाही. बंदीची घोषणा न्यायालयाने केली आणि तिच्या परिणामांची जबाबदारी कोणीच घेतली नाही, असा हा आपला नेहमीचा मामला. त्यातच नव्वदच्या दशकातील उदारीकरणाने आयात सोपी केली. कच्छमधील कांडला बंदर आणि त्यालगतचे गांधीधाम ही देशाची लाकडाची वखार झाली. आज तेथे मैलोगणती ओंडक्यांच्या राशी आणि त्यांच्या आधारे चालणाऱ्या आरागिरण्यांची रांग दिसते. ज्या कच्छात जंगल नावाला आहे, तो देशाचा लाकूडबाजार व्हावा, हे या धोरणाचे चित्र.

उष्णकटिबंधीय ओंडक्यांच्या आयातीत चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक अनेक वर्षे कायम राहिला आहे आणि सागाच्या ओंडक्यांचा तर भारत हा जगातील सर्वात मोठा ग्राहक आहे. मलेशियाच्या सारावाक राज्यात ऐंशीच्या दशकात पेनान आदिवासींनी तोडीविरुद्ध रस्ते अडवले तेव्हा तेथील ओंडके प्रामुख्याने जपानला जात. पुढे त्यांचा सर्वात मोठा ग्राहक भारत झाला. मात्र चीनप्रमाणे या लाकडाचे मूल्यवर्धन करून आपण जगाला फर्निचर विकू लागलो, असे झाले नाही. आपल्याकडे आलेला ओंडका येथेच चिरला जातो आणि येथल्याच घराच्या चौकटीत, देवघरात, प्लायवूडच्या वरच्या थरात संपतो. गंमत अशी की, ओंडका आयात करणारा हा देश तयार फर्निचरही आयात करतो आणि त्यातील सर्वात मोठा वाटा चीनचा असतो.

या फरकाचा खरा अर्थ म्यानमारमध्ये उमगतो. त्या देशाच्या सागाशी आपला संबंध जुना आहे आणि तो काही अभिमानाचा नाही. १८८५ साली मुंबईत व्यवसाय करणाऱ्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने निंग्यानच्या जंगलातून काढलेल्या सागाच्या ओंडक्यांची संख्या कमी दाखवून स्वामित्वधन चुकवले, असा ठपका मंडालेच्या दरबाराने ठेवला आणि जबर दंड ठोठावला. त्या दंडाचे निमित्त करून ब्रिटिशांनी तिसरे ब्रह्मी युद्ध पुकारले. राज्य गमावलेला थिबा राजा रत्नागिरीत आणून ठेवला गेला आणि १९१६ साली तेथेच वारला. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहणाऱ्या पर्यटकाला या वास्तूच्या मुळाशी ओंडक्यांच्या मोजणीचा तंटा आहे हे सहसा सांगितले जात नाही.

स्वतंत्र म्यानमारमध्येही ओंडक्यांनी सत्तांना पोसले. मध्यंतरी काचिनमधील लाकूड चीनमध्ये कसे जाते याचा आंतरराष्ट्रीय बोभाटा झाला आणि २००६ मध्ये चीनला सीमेवरील व्यापार रोखावा लागला. तो पुरता थांबला नाही. जानेवारी २०१५ मध्ये म्यानमारच्या लष्कराने काचिनमध्ये दीडशेहून अधिक चिनी लाकूडतोडे पकडले. जुलैमध्ये त्यांतील बहुतेकांना जन्मठेप झाली आणि चीनने आवाज चढवताच त्याच महिन्याच्या अखेरीस ते राजक्षमेने सुटले. भारताची वाट समुद्राची होती. यांगूनहून येणाऱ्या सागाचा आणि प्लायवूडच्या दर्शनी थरासाठी लागणाऱ्या गर्जनचा आपण मोठा गिऱ्हाईक होतो. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा त्याआधीच्या काही महिन्यांत जहाजे भरभरून माल हलवला गेला आणि नंतर काही भारतीय प्लायवूड कंपन्यांनी तेथेच व्हिनिअर सोलण्याचे कारखाने टाकले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावल्यावर अमेरिकेने एप्रिलमध्ये आणि युरोपीय महासंघाने जूनमध्ये म्यानमा टिंबर एंटरप्राइझ या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले. भारताने घातले नाहीत, चीननेही नाहीत. ईशान्य सीमेची सुरक्षितता पाहता यांगून-नेपिडोशी संबंध तोडणे दिल्लीला परवडणारे नाही, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण सीमा सांभाळण्यासाठी सागही विकत घेतलाच पाहिजे, असे त्यातून निघत नाही.

म्यानमार हा अपवाद नव्हे. ज्यांची जंगले तोडली जात होती त्यांनी एकेक करून दारे लावून घेतली. इंडोनेशियाने १९८५ मध्ये आणि पुन्हा २००१ मध्ये, गॅबनने २०१० मध्ये, लाओसने २०१६ मध्ये, मलेशियातील सबाहने २०१८ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली. रशियाने आधी निर्यात शुल्क चढवले आणि १ जानेवारी २०२२ पासून नरम लाकडाच्या व मौल्यवान कठीण लाकडाच्या ओंडक्यांची निर्यातच थांबवली. हेतू निव्वळ पर्यावरणाचा नव्हता. ओंडका विकणारा देश रोजगारही विकतो, हे त्यांना कळून चुकले होते. गॅबनने बंदीबरोबरच न्कोकचे विशेष आर्थिक क्षेत्र उभारले आणि तेथे चिनी व भारतीय अशा दोन्ही मालकांचे व्हिनिअर कारखाने आले. तरीही २०१९ मध्ये ओवेन्डो बंदरातून केवाझिंगो या संरक्षित वृक्षाच्या लाकडाने भरलेले, जप्त केलेले ३५३ कंटेनर गायब झाले आणि त्या प्रकरणात उपराष्ट्राध्यक्ष व वनमंत्री दोघांनाही घरी जावे लागले. केवाझिंगोची चटक प्रामुख्याने चिनी बाजाराची.

त्याच चिनी बाजाराची झळ आपणही सोसली आहे. पुरातन पद्धतीच्या ‘होंगमू’ फर्निचरच्या प्रतिष्ठेपायी आंध्रच्या शेषाचलम डोंगरातील रक्तचंदन चोरून तिकडे जाते. निर्यातीवर निर्बंध असताना, १९९५ पासून साइटस कराराच्या यादीत नाव असताना जाते. ७ एप्रिल २०१५ रोजी पोलिसांच्या गोळीबारात तमिळनाडूतील २० लाकूडतोडे मारले गेले, ते याच व्यापारातील सर्वात खालच्या पायरीवरचे मजूर. रक्तचंदनाच्या बाबतीत भारत सतत म्हणत आला की, चोरीचा माल घेणारा देशही तितकाच जबाबदार आहे. हे म्हणणे बरोबर आहे. पण हाच निकष मग कांडल्याला का लावायचा नाही?

येथे चीन आणि भारत यांच्यातील सर्वात महत्त्वाचा फरक पुढे येतो. चीनचे गिऱ्हाईक अमेरिका व युरोप होते. अमेरिकेने २००८ साली आपला जुना लेसी कायदा लाकडाला लागू केला, युरोपीय महासंघाची लाकूडविषयक नियमावली २०१३ मध्ये अमलात आली. २०१६ साली फरशी विकणाऱ्या एका मोठ्या अमेरिकी कंपनीला रशियातील चोरट्या ओकपासून चीनमध्ये बनलेला माल आणल्याबद्दल १ कोटी ३० लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागली. दंड अमेरिकेत झाला, पण घाम चीनमधील कारखानदाराला फुटला. अखेर डिसेंबर २०१९ मध्ये चीनने आपला वनकायदा सुधारला. १ जुलै २०२०पासून लागू झालेल्या या कायद्याच्या ६५व्या कलमाने बेकायदा स्रोतातील लाकूड जाणूनबुजून विकत घेणे, त्यावर प्रक्रिया करणे व त्याची वाहतूक करणे यांवर बंदी घातली. परदेशात तोडलेल्या लाकडाला हे कलम कितपत लावले जाते, हा वादाचा विषय आहे आणि बीजिंगच्या सदिच्छेवर विसंबण्याचे कारण नाही. चीन ओंडक्यांचा वापर हत्यारासारखाही करतो. २०२०च्या अखेरीस त्याने कीड सापडल्याचे कारण देऊन ऑस्ट्रेलियाचे ओंडके रोखले आणि संबंध सुधारताच २०२३ मध्ये सोडले. मार्च २०२५ मध्ये तेच अमेरिकेच्या ओंडक्यांचे झाले आणि व्यापार समेटानंतर नोव्हेंबरमध्ये कीड आपोआप नाहीशी झाली. असो. पण कागदावर का होईना, बेकायदा लाकडाच्या खरेदीला गुन्हा ठरवणारे कलम त्याच्याकडे आहे.

भारताकडे तसे काही नाही. साइटसच्या यादीतील प्रजातींना २०२२च्या वन्यजीव संरक्षण दुरुस्तीचे कवच आहे, पण साग वा गर्जन त्या यादीत नाही. कांडल्यात उतरणाऱ्या ओंडक्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, धुरी दिल्याचा दाखला लागतो, मूळ देशाचे नाव लागते. लाकडात कीड आहे काय, हे आपण विचारतो. ते चोरीचे आहे काय, हे विचारत नाही. आपल्या कोणत्याही बड्या गिऱ्हाइकाने तसा आग्रह धरलेला नाही, कारण या लाकडाचे अंतिम गिऱ्हाईक आपणच आहोत. जेथे आग्रह झाला तेथे आपण चटकन हललो. २०१७ मध्ये शिसवी वर्गातील सर्व प्रजाती साइटसच्या यादीत आल्या आणि सहारनपूर व जोधपूरच्या हस्तकला निर्यातीवर संकट आले. तेव्हा हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेची ‘वृक्ष’ नावाची कायदेशीरपणाची प्रमाणपत्र योजना कामी आली. निर्यातीच्या पेटीसाठी कागद आहे, आयातीच्या ओंडक्यासाठी नाही.

न्यायाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. म्यानमारच्या बंदीनंतर भारतात येणारा साग मोठ्या प्रमाणात इक्वाडोर, पनामा, कोस्टारिका, घाना, टांझानिया अशा देशांतील लागवडीचा आहे. कोवळ्या, कमी घेराच्या या सागाला वखारवाले नाके मुरडतात, पण नैसर्गिक जंगल तोडण्यापेक्षा तो शतपटीने बरा. तेव्हा भारतीय व्यापारी केवळ लुटारू आहे, असे मानण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की, इक्वाडोरमधील शेतकरी वा लागवडदार जो साग भारतासाठी पिकवू शकतो, तो यवतमाळ वा गडचिरोलीतील शेतकऱ्याने का पिकवू नये?

जगातील पहिल्या सागलागवडीपैकी एक केरळातील निलंबूर येथे १८४०च्या दशकात झाली. ज्यांच्या याचिकेने १९९६चा आदेश घडला ते गोदावर्मन त्याच निलंबूरच्या राजघराण्यातील. बियाण्याची, मातीची वा ज्ञानाची येथे वाण नाही. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या २०११च्या अहवालानुसार सरकारी जंगलातून वर्षाला जेमतेम ३२ लाख घनमीटर लाकूड निघत होते, तर जंगलाबाहेरील झाडांची क्षमता ४ कोटी २७ लाख घनमीटर होती. २०२३च्या अहवालात ही क्षमता ९ कोटी १५ लाखांवर गेली आहे. यमुनानगरच्या प्लायवूड उद्योगाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. पंजाब-हरियाणातील शेतकऱ्यांनी बांधावर पॉपलर लावला, तोडीच्या परवान्याचा जाच नव्हता, आणि एक उद्योग उभा राहिला. सागाला ते भाग्य लाभले नाही. सातबाऱ्यावर नोंद असलेला साग तोडायचा तर महाराष्ट्रात १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार परवानगी, मोजणी, वन खात्याच्या हातोड्याचा शिक्का, वाहतूक पास अशी पायऱ्यांची उतरंड आहे. ती चढता चढता शेतकरी दलालाला मिळेल त्या भावाने उभे झाड विकून मोकळा होतो. दुसऱ्या गोलार्धातून आलेला ओंडका पाच टक्के मूळ आयात शुल्क भरून आठवड्याभरात आरागिरणीत पोचतो. गोदावर्मन आदेशाने जंगल वाचवायचे होते. त्याच्या छायेत वाढलेल्या नोकरशाहीने शेतातल्या झाडालाही जंगलाचेच नियम लावून टाकले. नव्या संसद भवनासाठी साग नागपूरहून आला, हे आपण कौतुकाने सांगितले. सामान्य नागरिकाच्या दाराचा साग मात्र घाना किंवा पनामाचा असतो.

सरकारला याची जाणीवच नाही असे नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये देशभर एकच वाहतूक पास देणारी प्रणाली सुरू झाली, त्याच महिन्यात भारतीय वन व काष्ठ प्रमाणन योजना आली, आणि जून २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शेतजमिनीवरील वृक्षतोडीसाठी नमुना नियम राज्यांना पाठवले. प्रमाणन योजना ऐच्छिक आहे आणि नमुना नियम स्वीकारायचे की नाही हे राज्यांवर सोपवलेले आहे. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने वने समवर्ती सूचीत आली, तरी तोडीचे कायदे राज्यांचेच राहिले आहेत आणि परवान्यांत गुंतलेले हितसंबंधही राज्यांतच आहेत. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा या सागाच्या राज्यांनी ते नियम कागदावर न ठेवता आपापल्या कायद्यांत आणले, तर दहा-पंधरा वर्षांत कांडल्याच्या राशी कमी होऊ लागतील. त्याआधी होणार नाहीत, कारण झाडाला वाढायला वेळ लागतो. म्हणूनच दुसरे काम त्यासाठी थांबू शकत नाही. आयात होणाऱ्या प्रत्येक ओंडक्यामागे प्रजाती, तोडीचे ठिकाण व तोडीचा परवाना यांची घोषणा सक्तीची करणे आणि ती खोटी ठरल्यास आयातदाराला दंडनीय ठरवणे, यासाठी वाणिज्य मंत्रालयाला नवी संस्था वा मोठा निधी लागत नाही. परकीय व्यापार कायद्याखालील एक अधिसूचना पुरेशी आहे. युरोपची नवी जंगलतोडविरोधी नियमावली दोनदा पुढे ढकलली गेली आहे आणि मध्य आफ्रिकेतील देशांची सामूहिक ओंडकाबंदीही लांबणीवर पडली आहे. तेव्हा दिल्लीवर आज बाहेरचा कोणताही दबाव नाही, आणि ही अधिसूचना निघायची तर ती दिल्लीच्या स्वतःच्या निर्णयानेच निघेल.